सांभाळावयास दिलेला घोडा, चुकलेली लस आणि विक्री

आपल्याकडे जनावर दुसऱ्याच्या दावणीला सांभाळावयास देण्याची चाल जुनी आहे. चाऱ्याची टंचाई पडली, घरात करते माणूस उरले नाही, किंवा आप्तांपैकी कोणास लग्नसराईपुरती घोडी हवी असली, म्हणजे जनावर काही महिने अथवा काही वर्षे परगावी जाते. अशा वेळी दाणावैरण कोणी घालावयाची व नालबंदीचा खर्च कोणी सोसावयाचा, एवढे बहुधा ठरते. लस कोणी टोचून घ्यावयाची हे मात्र ठरत नाही. मालकास वाटते की ज्याच्या दारी घोडा तो पाहील. सांभाळणाऱ्यास वाटते की ज्याचा घोडा तो पाहील. या दोन समजुतींच्या मध्ये लसीची तारीख निघून जाते.

एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने आपली घोडी बहिणीच्या यजमानांकडे सांभाळावयास दिली. लसीचे कार्ड शेतकऱ्याच्या पेटीतच राहिले. तीन वर्षांनी त्याने घोडी परत आणून विकावयास काढली. घेणाऱ्याने विचारले, तेव्हा "सगळ्या लसी झाल्या आहेत" असे त्याने सांगितले. तो खोटे बोलत नव्हता, दाजींनी लस दिलीच असेल असे तो धरून चालला होता. पुढे थोड्याच दिवसांत घोडीच्या खुरात खिळा रुतला, धनुर्वात झाला आणि घोडी दगावली. घेणाऱ्याचे पैसे बुडाले, विकणाऱ्याची पत गेली आणि मेहुण्या-मेहुण्यांत वितुष्ट आले. तिघांपैकी एकानेही कार्ड उघडून पाहिले असते, तर हा प्रसंग टळला असता.

धनुर्वात आणि घोडा

धनुर्वाताचे जंतू मातीत व घोड्याच्या लिदीत असतात. हवेचा शिरकाव नसलेल्या खोल जखमेत ते वाढतात व विष निर्माण करतात. खुरात रुतलेला खिळा, नाल मारताना झालेली इजा किंवा खोगीर घासून पडलेली जखम अशा साध्या कारणांनीही हा रोग होऊ शकतो. पाळीव जनावरांमध्ये घोडा या विषाला विशेष बळी पडतो. रोगाची लक्षणे बहुधा जखमेनंतर एक ते तीन आठवड्यांत दिसतात. घोडा ताठरून चालतो, कान व शेपटी ताठ होते, डोळ्याच्या आतील कोपऱ्यातील पडदा डोळ्यावर सरकतो आणि शेवटी दातखीळ बसते. उपचार करूनही निम्म्याहून अधिक जनावरे दगावतात. येथे उपचारापेक्षा लसच खरा आधार होय.

खंडित लसीकरण पुन्हा कसे सुरू करावे

पूर्वी लस न दिलेल्या मोठ्या घोड्यास धनुर्वाताच्या लसीच्या दोन मात्रा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात व त्यानंतर प्रतिवर्षी एक मात्रा देतात. नोंद सापडत नसेल, तर लस दिलीच नाही असे समजून दोन मात्रांपासून आरंभ करावा. नोंद असून वर्ष उलटले असेल, तर एक मात्रा पुरेल की दोन द्याव्या लागतील हे पशुवैद्यकाने ठरवावे. आजारी अथवा थकलेल्या घोड्यास परस्पर लस टोचू नये, आधी तपासणी करून घ्यावी. पिसाळ रोगाच्या लसीविषयीही त्याच वेळी विचारावे.

लस टोचली त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, ही गोष्ट विक्रीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दुसऱ्या मात्रेनंतर सुमारे दोन आठवडे जावे लागतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घोडा न्यावयाचा असेल, तर पहिली मात्रा कोजागरीच्या सुमारास व दुसरी कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास द्यावी. म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस घोडा बाजारात उभा राहील तेव्हा लसीचा गुण आलेला असेल.

तेवढा अवधी नसेल, तर पहिली मात्रा देऊन त्याची तारीख व दुसऱ्या मात्रेची तारीख घेणाऱ्यास लेखी द्यावी. मधल्या काळात जखम झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तेथे पशुवैद्यक आवश्यक वाटल्यास विषप्रतिबंधक रक्तजल टोचतात. त्याचा परिणाम थोडे आठवडेच टिकतो. म्हणून ते लसीची जागा घेऊ शकत नाही.

लसीचे कार्ड म्हणजे घोडा सर्व रोगांपासून मुक्त असल्याचा दाखला नव्हे. ग्लँडर्स या रोगावर लस नाही, तो माणसासही होतो आणि त्याचे निदान रक्ततपासणीने करावे लागते. बाजारास नेण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी व दाखला जवळ बाळगावा.

कायदा काय सांगतो

सांभाळावयास दिलेल्या जनावराविषयी सन १८७२ च्या भारतीय करार कायद्यात स्पष्ट तरतुदी आहेत. देणाऱ्याने जनावराचे आपणास माहीत असलेले दोष सांगितले पाहिजेत. घेणाऱ्याने, सुज्ञ माणूस स्वतःच्या जनावराची घेईल तितकी काळजी घेतली पाहिजे. वेगळा करार नसेल, तर त्या काळात झालेले शिंगरू मूळ मालकाचे असते. सांभाळणाऱ्यास घोडा आपला म्हणून विकता येत नाही. विक्री मालकाने अथवा त्याच्या अनुमतीनेच व्हावी.

विक्रीच्या वेळी मौन केव्हा दोषास्पद ठरते, हे समजावून सांगताना याच कायद्याने घोड्याचेच उदाहरण घेतले आहे. विकणाऱ्यास दोष ठाऊक असून तो नुसता गप्प राहिला, तर तेवढ्याने फसवणूक होत नाही. परंतु घेणाऱ्याने, "तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन," असे म्हटल्यावर विकणारा गप्प राहिला, तर त्याचे मौन बोलण्यासारखेच मानले जाते. शिवाय, पुरेशा माहितीवाचून ठामपणे केलेले विधान, ते सांगणाऱ्यास खरे वाटत असले तरी, चुकीचे निवेदन ठरू शकते. वरील शेतकऱ्याचे "सगळ्या लसी झाल्या आहेत" हे शब्द या प्रकारचे होते. म्हणून जे कार्डावर नाही ते तोंडाने सांगू नये आणि कार्डावर मागील तारीख कधीही घालू नये. घेणाऱ्यानेही केवळ शब्दावर विसंबून न राहता कार्ड मागून पाहावे.

देतानाच लिहून ठेवा

घोडा दुसऱ्याकडे देताना एका कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात व एकेक प्रत ठेवावी:

१. घोड्याचा रंग, वय, अंगावरील खुणा व भोवरे.
२. दिल्याची तारीख व परत करावयाची मुदत.
३. शेवटच्या लसीची तारीख व पुढील लसीची तारीख.
४. लस टोचून घेण्याची जबाबदारी कोणाची व खर्च कोणाचा.
५. जखम अथवा आजार झाल्यास मालकास कोणी व कसे कळवावयाचे.

लसीचे मूळ कार्ड घोड्याबरोबर जावे व त्याची नक्कल मालकाकडे राहावी. घोडा परत येताना कार्डही परत यावे आणि विकला गेल्यास नव्या मालकाच्या हाती पडावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील घोड्यांची यादी करताना मालकाचे नाव व सांभाळणाऱ्याचे नाव असे दोन रकाने ठेवावेत. ज्या घोड्यांबाबत ही दोन नावे निराळी असतील, त्यांची लसीची तारीख प्रथम तपासावी. लस चुकलेली आढळल्यास कोणाला दोष देत बसू नये. तसे केल्यास लोक खरी तारीख सांगावयाचे टाळतात. दवाखान्याचा दिवस ठरवून घोडा तेथे नेण्याची व्यवस्था करावी.

चुकलेली लस पुन्हा सुरू करता येते. ती चुकली असे उघडपणे सांगून घोडा विकल्यास किमतीत थोडी घट सोसावी लागेल, परंतु पुढील बाजारात तोच घेणारा विश्वासाने आपल्या दारी येईल.