वर्गणीची वही

नगर,
रविवार, दुपार

प्रिय बाळ,


तुझे पत्र गुरुवारी मिळाले, दोनदा वाचले. वार्षिक सभेत तू हिशेब मागितलास, तेव्हा 'पोरांनी उपासनेला यावे, हिशेबात पडू नये' असे कमिटीच्या लोकांनी तुला सर्वांसमोर सुनावले. आता तू म्हणतोस, मंडळीच्या यादीतून नाव काढून घेतो. हिशेब मागितलास ते बरोबरच केलेस. मंडळीचा पैसा म्हणजे कुणा म्हातारीने पदराची गाठ सोडून थैलीत टाकलेली दहाची नोट. तिचे काय झाले हे विचारण्यात उद्धटपणा कसला? हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना आत्या त्यांची बाजू घेते आहे असे तुला वाटणार नाही.

नाव काढण्याविषयी मात्र मला बोलायचे आहे.

मी कमिटीवर पहिल्यांदा निवडून आले तेव्हा चौतीस वर्षांची होते. मंडळी कोणती ते तुला ठाऊक आहे, कागदावर नको. तिथे एक मावशी दर शनिवारी चर्च झाडायच्या, बाक पुसायच्या, प्रभुभोजनाची पांढरी कापडे घरी नेऊन धुऊन आणायच्या. ऐन पावसाळ्यात त्या गेल्या. आम्ही कमिटीची तिघे जण घरी गेलो. देह ओसरीवर ठेवलेला, उशाशी मेणबत्ती, मुलगा दाराला टेकून उभा. सेक्रेटरींनी पिशवीतून वर्गणीची वही काढली, पाने उलटत मावशींच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाले, तीन वर्षांची बाकी आहे, नियमाप्रमाणे आधी ती भरावी लागेल, मग दफनाची चिठ्ठी. मुलगा पावसात शेजारी उसने मागायला गेला. खड्डा खणणारे दोघे समोरच्या पत्र्याखाली थांबून राहिले. मी त्या ओसरीवर उभी होते, बाळ, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पर्समध्ये पैसे होते, तेही काढायचे मला सुचले नाही. तासाभराने पैसे आले, पावती फाडली, मग प्रार्थना झाली.

त्या रात्री मी राजीनामा लिहिला. सकाळी फाडून टाकला. मी गेले असते तरी वही तिथेच राहिली असती, आणि तिच्याबद्दल बोलणारे एक माणूस कमी झाले असते.

आधी मी एकटीच सेक्रेटरींच्या घरी गेले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने हीच वाट सांगितली आहे: आधी दोघांतच, मग एकदोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. आपण नेमके उलटे करतो. आधी साऱ्या गावाला सांगतो आणि त्या माणसाला शेवटपर्यंत सांगत नाही. सेक्रेटरी चिडले नाहीत. कुंपणाची पडकी भिंत, पाळकसाहेबांचा पगार, डायसिसचा हिस्सा, सगळे त्याच वर्गणीतून कसे भागवावे लागते ते त्यांनी मला मांडून दाखवले. त्यात खोटे काही नव्हते. तरी मी म्हटले, हे मी सभेत मांडणार आहे, तुम्हाला आधी कळावे म्हणून आले. दफनासाठी बाकीची अट काढण्याचा ठराव पहिल्या वर्षी पडला. दुसऱ्या वर्षीही पडला. तिसऱ्या वर्षी थोडक्या मतांनी मंजूर झाला. सेक्रेटरींनी तेव्हाही विरोधातच हात वर केला. आणि त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंना रक्त लागले तेव्हा रात्री सायकल काढून माणसे गोळा करणारे तेच होते. तुझ्या पत्रात 'ते लोक' हे शब्द सात वेळा आले आहेत, म्हणून हे लिहिले.

तू म्हणशील, मग टिळकांचे काय? रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावे, अशी त्यांची ओढ होती. ते सगळे खरे. पण सोडण्याआधी काय केले तेही बघ. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे वीसहून अधिक वर्षे मिशनमध्ये राहून, बरीचशी इथे नगर-राहुरीकडे, शिकवले, उपदेश केले, 'ज्ञानोदया'त लिहिले. परक्या चालींची गाणी आपल्या माणसाच्या गळ्यात बसत नाहीत हे दिसले तेव्हा त्यांनी भजने रचली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पैसा आणि अधिकार मिशनऱ्यांच्या हाती राहिल्याने इथला ख्रिस्ती माणूस मिंधा होतो, हे तोंडावर सांगितले. मिशन सोडले तरी मंडळीवरचा जीव सुटला नाही. 1919 मध्ये ते गेले. आज सकाळी आम्ही 'उपासना संगीत' उघडले, त्यात पहिलेच गीत त्यांचे निघाले. ज्या घराला त्यांनी इतके बोल लावले, ते घर अजून त्यांच्याच शब्दांत प्रार्थना करते.

पंडिता रमाबाई मला आणखी जवळच्या वाटतात. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला आणि लवकरच तिथल्या सिस्टरांशी वाद सुरू झाला. एका पुरोहितशाहीचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसरे मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका. पण त्या सिस्टरांना पत्रे लिहिणे त्यांनी थांबवले नाही. पुढे मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही हे खटकले, तर इब्री आणि ग्रीक शिकून केडगावला स्वतः सोप्या मराठीत भाषांतराला बसल्या. तिथल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापले. 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत रमाबाई त्याच कामात होत्या.

आपल्या मंडळीत बोलण्यासारखे खूप आहे. 1970 च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा मी कॉलेजात होते. आता भांडणे मिटली असे आम्हा मुलींना मनापासून वाटले होते. आज मिशनच्या जमिनींचे दावे कोर्टात वर्षानुवर्षे पडून आहेत. प्रभुभोजनाला आपण एकाच भाकरीचे वाटेकरी होतो आणि सोयरीक जुळवताना हळूच पूर्वीची जात विचारतो. आपल्या घरातही ती विचारली गेली आहे. तुझ्या आजोबांनी विचारली होती आणि मी ते ऐकले होते. हे बोलताना स्वतःचे घर वगळू नकोस, नाहीतर ऐकणाऱ्याला ते लगेच कळते.

'ऐक्य राखा' म्हणून तुला कुणी गप्प करू लागले तर गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून दाखव. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर, तोंडावर सांगितले. पेत्र मोठा होता, तरी सांगितले. आणि सांगून पौल मंडळी सोडून गेला नाही.

तुझे मित्र बिशपसाहेबांना निनावी पत्र पाठवणार आहेत म्हणे. त्यावर सही करू नकोस असे लिहिणार होते, पण निनावी पत्रावर सहीच नसते, आणि तोच त्याचा दोष आहे. तू स्वतःच्या नावाने साधा अर्ज कर. मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला असेल, तर वर्षाचा हिशेब ऑडिट होऊन धर्मादाय आयुक्तांकडे जायला हवा. त्याची प्रत माग, तारीख घाल, पोच घे. कोणी पैसे खाल्ले असे लिहू नकोस. ते तुला अजून माहीत नाही. अर्ज देण्याआधी खजिनदारांच्या घरी जा, चहा घे, आणि अर्ज करणार आहेस हे त्यांना स्वतः सांग.

आणि येत्या शनिवारी चर्चमध्ये जा. तिथे झाडायला कोण येते ते बघ, तिचे नाव विचार, तिच्या हातातला एक झाडू तू घे. तुमच्याकडे दफनाच्या चिठ्ठीचा नियम काय आहे तेही तिलाच विचार. तो अजून चालू असेल तर अर्जात ते कलम पहिले घाल, हिशेबाच्याही आधी.

मसुदा मला पाठव. शुद्धलेखन तपासून देते.

तुझी,
आत्या