एस्टिमेट काढणं हीसुद्धा साधना : काम हातात घेण्याआधीचे चार प्रश्न

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५



‘तामस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? उन्हं वर आली तरी झोपलेला माणूस, शिळं अन्न, आळस. पण अठराव्या अध्यायात भगवंत कर्माचे तीन प्रकार सांगतात, तेव्हा तामस कर्माची खूण वेगळीच देतात. इथला माणूस झोपलेला नाही. त्याने मोठ्या उत्साहाने काम सुरू केलं आहे. फक्त सुरू करण्याआधी त्याने चार गोष्टी पाहिलेल्या नाहीत : अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. मोहाच्या भरात आरंभ केला, म्हणून ते कर्म तामस.

अनुबंध म्हणजे कामामागून जे येणार आहे ते. क्षय म्हणजे त्यात जे खर्ची पडणार ते. शंकराचार्य आपल्या भाष्यात शक्तीचा आणि पैशाचा, दोन्हींचा क्षय सांगतात. हिंसा म्हणजे इतरांना होणारी इजा. आणि पौरुष म्हणजे हे काम तडीस नेण्याची आपली ऐपत.

हे चार शब्द आज आपल्या ओळखीच्या एका कामाला लावून बघू. जुन्या फ्लॅटचं रिनोव्हेशन. घरात लग्न ठरलेलं असतं किंवा गावाहून आई-बाबा कायमचे राहायला येणार असतात. कुणी विचारतं, “बजेट किती?” उत्तर येतं, “चार-पाच लाखांत होईल की!” हे ‘होईल की’ कुठून आलं? ना टेप लावली, ना कागदावर काही लिहिलं. मोहाचं रोजच्या बोलण्यातलं रूप हेच.

१. अनुबंध : यामागून काय येणार?

समजा, फक्त बाथरूमच्या लाद्या बदलायच्या आहेत. जुन्या लाद्या फोडल्या की खालचं वॉटरप्रूफिंग उघडं पडतं, ते नव्याने करावं लागतं. भिंतीतले जुने लोखंडी पाइप गंजलेले निघाले, तर ते आत्ताच बदलायला हवेत, नाहीतर दोन वर्षांनी नवी लादी फोडावी लागेल. जुन्या लादीवरच नवी चिकटवायची म्हटलं, तर जमिनीची पातळी वर येते आणि दार खालून तासावं लागतं. एका कामाला दुसरं काम बांधलेलंच असतं. म्हणून एस्टिमेटमध्ये ‘लादी’ या एका ओळीखाली फोडकाम, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, लादी बसवणं, दार आणि रंग अशा सहा ओळी हव्यात.

कर्जालाही अनुबंध असतो. ५ लाख रुपये ११ टक्के दराने ५ वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण १०,८७० रुपये बसतो. एकूण फेड साडेसहा लाखांच्या थोडी वर जाते. म्हणजे पाच लाखांच्या घराची किंमत पाच लाख नसतेच. हा आकडा पहिल्या दिवशीच कागदावर आला पाहिजे.

२. क्षय : नक्की किती जाणार?

इथे टेप हातात घ्यायची. ८ फूट बाय ५ फुटांचं बाथरूम आहे. आपण पटकन म्हणतो, “४० चौरस फूट.” पण ती झाली फक्त जमीन. चारही भिंतींची लांबी मिळून २६ फूट. ७ फुटांपर्यंत लादी लावायची, तर २६ गुणिले ७ म्हणजे १८२. त्यातून अडीच बाय सातच्या दाराचे साडेसतरा वजा केले की उरतात साधारण १६५. जमीन आणि भिंती मिळून २०५ चौरस फूट. कापाकापीत आणि तुटफुटीत जाणारे १० टक्के धरले, तर सुमारे २२५. चाळीस म्हणणाऱ्या माणसाला साडेपाच पट लाद्या लागल्या!

मग बारीकसारीक गोष्टी येतात. सामान वर चढवण्याची मजुरी, डेब्रिज नेणारा टेम्पो, सोसायटीचं डिपॉझिट, काम चालू असताना दुसरीकडे राहायचं असेल तर तिथलं भाडं. कोटेशन घेताना एकरकमी आकडा घेऊ नका, प्रत्येक कामाचा वेगळा दर लिहून मागा. दर फक्त मजुरीचा की सामानासकट? जीएसटी धरून की वगळून? माप कसं मोजणार? हे तीन प्रश्न तीन कॉन्ट्रॅक्टरना सारख्याच शब्दांत विचारा, तरच तीन कोटेशनांची तुलना होईल. नाहीतर सगळ्यांत कमी आकडा हा बऱ्याचदा सगळ्यांत जास्त गोष्टी वगळलेला आकडा निघतो.

३. हिंसा : इजा कुणाला होणार?

एस्टिमेटच्या कागदावर हा रकाना कधीच नसतो, आणि भगवंत मात्र तो आवर्जून विचारतात.

वॉटरप्रूफिंगवर पैसे वाचवले, तर ओल आपल्याकडे दिसत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर दिसते. म्हणून वॉटरप्रूफिंग झालं की लाद्या बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी साठवून किमान २४ तास ठेवायचं आणि खाली जाऊन स्वतः बघून यायचं. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडायची असेल, तर ती भिंत, बीम किंवा कॉलम इमारतीचा भार तोलतोय का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय हातोडा लावायचा नाही. इंजिनीअरची फी हासुद्धा एस्टिमेटचाच भाग. डेब्रिज रात्री गुपचूप नाल्याकाठी टाकणाऱ्या टेम्पोवाल्याचा दर स्वस्तच असणार. त्या स्वस्ताईची किंमत पावसाळ्यात त्या नाल्याकाठची वस्ती भरते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बजेट कोलमडलं की पहिली कात्री कुठे लागते? शोरूममध्ये पैसे आधीच भरलेले असतात, बँकेचा हप्ता ठरलेल्या तारखेला जातोच. उरतो तो गवंडी, रंगारी, सुतार. “शेवटचे पंधरा हजार पुढच्या महिन्यात बघू हं दादा.” तो भांडत नाही, फोन करत राहतो, मग फोन करणंही सोडतो. आपल्या न काढलेल्या हिशेबाची रक्कम अशी त्याच्या घरातून वसूल होते. किंवा आई-बाबांच्या एफडीतून. ती मोडताना “राहू दे रे, आम्हाला काय करायचेत पैसे” असं ते हसत म्हणतात, म्हणून ती हिंसा नाही असं होत नाही.

न मोजलेला खर्च कुणीतरी भरतोच, आणि बहुतेक वेळा ज्याला नाही म्हणता येत नाही तोच भरतो. माझ्या मते या श्लोकात क्षय आणि हिंसा शेजारीशेजारी आहेत, त्यातून आपण हेच शिकायचं.

४. पौरुष : माझ्याच्याने पूर्ण होईल का?

आता स्वतःकडे बघायचं. एकूण आकड्यावर निदान १० टक्के राखीव ठेवा. जुनी इमारत असेल तर त्याहून जास्त, कारण भिंतीच्या आत काय आहे ते फोडल्यावरच कळतं. राखीव धरूनही आकडा झेपत नसेल, तर काम लहान करा. यंदा एक बाथरूम, किचन पुढच्या वर्षी. अर्धवट फुटलेल्या चार खोल्यांपेक्षा पूर्ण झालेली एक खोली बरी. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा थोडा हिस्सा पाण्याची चाचणी होईपर्यंत राखून ठेवा. पण तो कधी देणार हे आधीच लिहून द्या आणि त्या दिवशी द्याच. शब्द पाळता येणं हेही पौरुषच.

“पण देव बघून घेईल ना?”

हा प्रश्न श्रद्धेने विचारला जातो, म्हणून त्याला टाळायचं नाही. नवव्या अध्यायाच्या २२ व्या श्लोकात भगवंतांनी अनन्य भक्तांचा योगक्षेम वाहण्याचं आश्वासन दिलंय, हे खरं. पण ते आश्वासन अनन्य चिंतनाला आहे, आपल्या इटालियन मार्बलला नाही. आणि तेच भगवंत अठराव्या अध्यायात ‘आधी बघ’ असंही सांगतात. न मोजता उडी मारायची आणि वर त्याला श्रद्धा म्हणायचं, म्हणजे आपल्या मोहाचं बिल देवाच्या नावावर फाडणं.

मग सात्त्विक एस्टिमेट कसं असतं? २३ व्या श्लोकात सात्त्विक कर्माची लक्षणं आहेत : नेमून दिलेलं, आसक्ती नसलेलं, राग-द्वेष सोडून केलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी आकडा, मग शोरूम. लादी एकदा मनात भरली की आकडा तिच्या बाजूने वाकायला लागतो. शेजाऱ्यांच्या किचनवर कुरघोडी करायची असेल तरी तेच. मन शांत असताना लिहिलेला आकडाच खरा असतो.

आजचा अभ्यास

घराचं काम काढलेलं नसलं तरी चालेल. लग्न, परदेशी शिक्षण, नवी गाडी, जे मोठं काम मनात असेल ते घ्या. एका कागदावर चार रकाने करा : यामागून काय येईल, किती जाईल, कुणाला त्रास होईल, माझ्याच्याने पुरं होईल का. तिसऱ्या रकान्यात निदान एका माणसाचं नाव लिहा. मग तो कागद देवापुढे ठेवून पाच मिनिटं शांत बसा, आणि नंतर घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. चारही रकाने भरूनही मन ‘हो’ म्हणत असेल, तर बिनधास्त नारळ फोडा.

उद्या २६ वा श्लोक, सात्त्विक कर्ता.

श्रीकृष्णार्पणमस्तु.