जबलपूरच्या बागेसाठी झाडांची निवड

रोपवाटिकेत टवटवीत दिसणारे रोप आपल्या अंगणात जगेलच असे नाही. कोणती वनस्पती कोठे तग धरील हे ठरविण्यासाठी अमेरिकेच्या कृषिखात्याने १९६० साली एक नकाशा प्रसिद्ध केला. वर्षातील नीचतम तपमानाची अनेक वर्षांची सरासरी काढावयाची आणि तिच्यावरून १० अंश फॅरनहाइटच्या अंतराने प्रदेशाचे विभाग पाडावयाचे, अशी त्याची रीत आहे. जेथे हिवाळ्यात जमीन गोठते तेथे ती फार उपयुक्त ठरते. जबलपुरास मात्र ती अपुरी पडते. कारण येथे झाडाला एक नव्हे, तीन परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली परीक्षा उन्हाळ्याची. मे महिन्यात तपमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. कोरड्या वाऱ्यामुळे पानांतून पाणी इतक्या वेगाने उडून जाते की मुळांना ते पुरविता येत नाही. बोगनवेल, कण्हेर, चाफा आणि बहावा ही झाडे हा ताप सोसतात. बहावा तर याच दिवसांत फुलतो. कण्हेर मात्र विषारी आहे. मुले व गुरे वावरतात तेथे ती लावू नये.

दुसरी परीक्षा पावसाळ्याची. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते. मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. यासाठी हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच राहिले, तर वाफे उंच करावेत. चाफ्यासारखी झाडे अशा जागी उंचवट्यावरच लावावीत. मदनमहालच्या टेकड्यांसारख्या खडकाळ भागात अडचण नेमकी उलट असते: तेथे माती उथळ असल्याने पाणी टिकत नाही.

तिसरी परीक्षा थंडीची. निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता आकाशाकडे निघून जाते, आणि थंड झालेली जड हवा सखल जागी साचते. म्हणून एकाच घराच्या आवारात खालच्या कोपऱ्यातील क्रोटन करपतो आणि दक्षिणेकडील भिंतीलगतचा सुखरूप राहतो. ओली जमीन अधिक उष्णता साठविते; यास्तव कडाक्याची थंडी संभवत असल्यास आदल्या दिवशीच पाणी द्यावे.

हंगामी फुलांचे वेळापत्रकही यावरूनच ठरते. तेरडा व कोंबडा पावसाळ्यात, पिटुनिया व फ्लॉक्स यांचे बी पाऊस ओसरल्यावर पेरावे, उन्हाळ्यासाठी सदाफुली. उलटपक्षी, ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे सलग थंडी लागते. येथील हिवाळा ती पुरवू शकत नाही. तेव्हा त्यावर पैसा खर्च करणे व्यर्थ होय.

सारांश, रोप विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: ते मे महिन्यातील ऊन सोसेल काय, श्रावणातील ओल सोसेल काय, आणि पौषातील रात्र सोसेल काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तरच त्यासाठी खड्डा खणावा.