शीतकाची निवड : रंग, रसायन आणि पाणी

मोटारीच्या इंजिनात इंधन जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भागच उपयोगी कामी येतो, जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेल्या उष्णतेपैकी बहुतेक भाग वाहून नेण्याची जबाबदारी शीतकावर, म्हणजे गॅरेजमध्ये आणि घरोघरी ज्याला कूलंट म्हणतात त्या द्रवावर येते. इतके महत्त्वाचे काम करणारा हा द्रव विकत घेताना मात्र बहुतेक वाहनधारक त्याचा रंग तेवढा पाहतात. हा रंग उत्पादकाने मिसळलेल्या रंजकद्रव्याचा असतो आणि त्याबाबत कोणताही सर्वमान्य नियम नाही. त्यामुळे दोन हिरव्या डब्यांतील रसायने परस्परांशी न जुळणारी असू शकतात आणि हिरव्या व गुलाबी डब्यांतील रसायने अगदी सारखीही असू शकतात.

शीतकाचे मुख्य घटक तीन : पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधके. उष्णता शोषून घेण्याच्या बाबतीत पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस असते, कारण एक किलो पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, तर तेवढ्याच ग्लायकॉलला सुमारे २.४. तरीही ग्लायकॉल मिसळावे लागते, कारण दोहोंचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, साध्या वातावरणीय दाबाखाली १०६-१०७ अंशांवर उकळते आणि रेडिएटरचे झाकण आतील दाब वाढवत असल्याने प्रत्यक्षात १२५ अंशांच्याही पुढे टिकून राहते. महाराष्ट्रात पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, मग साधे पाणी का चालू नये, हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. त्यात उत्कलनबिंदूचा विसर पडलेला असतो आणि त्याहून गंभीर म्हणजे गंजरोधकांचाही. अनेक इंजिनांत बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे हेड एकाच पाण्यात न्हात असतात, आणि दोन भिन्न धातू क्षारयुक्त पाण्यात एकत्र आले की बॅटरीतल्यासारखी विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन त्यांपैकी एक झिजू लागतो.

निवडीचा खरा प्रश्न या गंजरोधकांपाशीच येतो. जुन्या पद्धतीच्या शीतकांत सिलिकेट, फॉस्फेट यांसारखे असेंद्रिय क्षार असत. ते धातूच्या संपूर्ण पृष्ठभागावर झटकन संरक्षक थर चढवत, परंतु त्यातच खर्ची पडत असल्याने साधारण दोन वर्षांत संपून जात. पुढे आलेली सेंद्रिय आम्लांवर आधारित शीतके जेथे गंज धरू लागतो तेवढ्याच जागी प्रतिक्रिया देतात, म्हणून ती पाच वर्षे किंवा अधिक काळ टिकतात. या दोहोंचा संकर असलेली शीतकेही आहेत, आणि त्यांतील भेद विशेष लक्षात घेण्यासारखा आहे : युरोपीय उत्पादकांनी तेथील जड पाण्यात फॉस्फेटचा साका बसतो म्हणून फॉस्फेट टाळले आणि सिलिकेट स्वीकारले, तर जपानी उत्पादकांनी पाण्याच्या पंपाचे सील झिजू नये म्हणून सिलिकेट टाळून फॉस्फेट स्वीकारले. भारतीय रस्त्यांवर या दोन्ही परंपरांच्या गाड्या शेजारी शेजारी धावतात आणि एकाच दुकानातून एकाच डब्यातले शीतक घेतात.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीची जी हानी झाली, ती याच घोटाळ्यातून झाली. जपानी परंपरेच्या त्या गाडीत कारखान्यातून फॉस्फेटयुक्त गुलाबी शीतक आलेले होते. टाकीतील पातळी उतरलेली दिसल्यावर एका गॅरेजमध्ये सिलिकेट असलेले हिरवे शीतक वर ओतले गेले आणि त्यानंतर दोन-तीनदा तर बोअरचे पाणीच घातले गेले. पातळी मुळात का उतरते आहे, हा पहिला प्रश्न कोणीही विचारला नाही, आणि तो मालकाने विचारायला हवा होता. दख्खनच्या बेसाल्टमधून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विपुल असतात. फॉस्फेटची कॅल्शियमशी गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो आणि न जुळणाऱ्या मिश्रणात सिलिकेट जेलीच्या रूपाने बाहेर पडते. मे महिन्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर, एसी चालू असताना, तापमानाचा काटा वर सरकला आणि माथा जवळ आला आहे या विचाराने गाडी न थांबवता पुढे नेण्यात आली. हेड वाकले, गॅस्केट फुटले आणि रेडिएटर उतरवल्यावर त्याच्या नळ्यांत पांढरा साका व मातकट जेली सापडली. पातळी उतरण्याचे कारण होते पंपाच्या सीलमधून होणारी बारीक गळती. ती वेळीच शोधली असती तर प्रकरण एका सीलवर मिटले असते.

म्हणून शीतक घेण्यापूर्वी गाडीची माहितीपुस्तिका उघडून त्यात दिलेला प्रकार शब्दशः टिपून घेणे आणि तोच डब्यावर शोधणे आवश्यक ठरते. आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ हे मानक-क्रमांक दर्जाबाबत काहीशी हमी देतात, परंतु ते शीतक अमुक गाडीला जुळेलच असे त्यांवरून ठरत नाही. प्रमाण चुकण्याची धास्ती असल्यास तयार मिश्रण घेणे इष्ट. संहत, म्हणजे पाणी न मिसळलेले शीतक घेतल्यास ते डिस्टिल्ड वॉटरमध्येच, डब्यावरील प्रमाणाने मिसळावे, कारण अधिक ग्लायकॉल म्हणजे अधिक थंडावा हा समज वर दिलेल्या आकड्यांवरूनच चुकीचा ठरतो. वाटेत नाइलाज झाल्यास थोडे स्वच्छ पाणी घालून गॅरेज गाठण्यास हरकत नाही, मात्र त्यानंतर संपूर्ण शीतक काढून, आतली प्रणाली धुऊन नवे भरून घ्यावे. काटा चढू लागला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी, आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये. दाब सुटताच उकळते शीतक चेहऱ्यावर उसळते.

काढलेले शीतक अंगणात किंवा गटारात ओतले जाते, हे तर फारच चिंतेचे आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. कुत्री ते चाटतात, लहान मुलांच्या हाती लागू शकते, आणि थोड्या मात्रेनेही मूत्रपिंडे निकामी होतात. ते झाकणबंद कॅनमध्ये भरून, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, वापरलेले ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे देता येते का ते विचारावे आणि तोवर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते क्षणभरही ठेवू नये.