जुनी हार्ड डिस्क आणि खियार-ए-ऐब

जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील एका तरुणाने मला थांबवले. सर्व्हरमधून काढलेल्या चार जुन्या हार्ड डिस्क त्याने विकत घेतल्या होत्या. दोन फिरतच नव्हत्या, तिसरी मध्येच अडत होती. विक्रेत्याने जाहिरातीत ‘तपासलेल्या, चालू’ असे लिहिले होते. आता मात्र ‘जुना माल परत घेत नाही’ म्हणत होता. “इमामसाहेब, परत करण्याचा हक्क मला आहे का?”

या हक्काला फिक्हमध्ये ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. दोष वस्तू हाती येण्यापूर्वीचा असावा, व्यापाऱ्यांच्या रूढीत किंमत घटवणारा असावा आणि ग्राहकाला ठाऊक नसावा. जुनेपणा स्वतः ऐब नव्हे. त्याची सूट किमतीत मिळालेलीच असते. हनफी मतानुसार विक्रेत्याने सौद्याच्या वेळीच ‘कोणत्याही दोषाची जबाबदारी माझी नाही’ असे सांगितले आणि ग्राहकाने ते मान्य केले, तर हा हक्क उरत नाही. तरीही ठाऊक असलेला दोष लपवणारा गुन्हेगारच. येथे तर ती अट सौद्यानंतर पुढे आली होती.

परंतु ऐब खरोखर आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. सर्व्हरच्या काही सॅटा डिस्कना वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की त्या बंद राहतात. दुरून बंद करता याव्यात म्हणून केलेली ही सोय आहे. घरच्या संगणकाचा वीजपुरवठा अनेकदा त्या पिनला सतत वीज देतो. संगणक पूर्ण बंद करून ती पिन कॅप्टन टेपने झाकताच दोन्ही डिस्क फिरू लागल्या. त्या ‘बिघडलेल्या’ म्हणून परत गेल्या असत्या, तर निरपराध विक्रेत्यावर तोहमत आली असती.

तिसरीचा ‘स्मार्ट’ अहवाल काढला. १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल तर बहुधा केबल सदोष असते. ती बदलल्यावर वाढ थांबते. येथे वाढत होती १९७ क्रमांकाची, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांची. कित्येक तासांची विस्तारित चाचणीही वाचनदोष दाखवून थांबली. हा ऐब होय.

अहवालावरही आंधळा विश्वास नको. २०२५ च्या आरंभी जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या सर्व्हर डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. स्मार्टमधील तास पुसलेले होते, पण ‘फार्म’ या अंतर्गत नोंदीत हजारो तास तसेच होते. विक्रीपूर्वी दूध थोपवून जनावराची कास फुगवण्यास प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मनाई केली आहे, ही त्याच जातीची फसवणूक.

एक बारकावा तरुण मंडळी विसरतात. ऐब कळल्यानंतर वस्तू स्वतःच्या कामास वापरली, तर ती संमती ठरते. फुकहांनी जनावराचे उदाहरण दिले आहे: परत नेण्यासाठी त्यावर बसणे चालते, स्वतःच्या कामासाठी बसणे नाही. म्हणून चाचणी करावी, पण दोष दिसल्यावर लग्नाचे व्हिडिओ तीत भरू नयेत. आणि आपल्या हातून ती पडून नवा दोष आला, तर विक्रेत्यावर परतीची सक्ती करता येत नाही. मूळ दोषामुळे घटलेल्या किमतीपुरतीच भरपाई मागता येते.

चारही डिस्क एकाच सौद्यातील असल्या, तरी सर्व ताब्यात आल्यानंतर सदोष तेवढीच, तिच्या वाट्याच्या किमतीला परत करावी. त्या तरुणाने चाचणीचा अहवाल जोडून तिसरी पाठवली, आणि पहिल्या दोघींबद्दल आधी केलेली तक्रार त्याच चिठ्ठीत मागे घेतली.