गावभर पसरलेले अतिथिगृह

गावातील तरुण पोटापाण्यासाठी शहरात गेले, मागे वृद्ध माणसे राहिली आणि कालांतराने घरांना कुलपे लागली, ही गोष्ट कोकणातील वाड्यांना जशी नवी नाही, तशी ती युरोपातील डोंगरी खेड्यांनाही नवी नाही. बंद घर फार काळ तग धरीत नाही. कौल सरकते, पाणी मुरते, वासा कुजतो आणि काही पावसाळ्यांनंतर भिंत खाली बसते. अशी घरे पाडून नव्या इमारती बांधाव्यात, की आहेत तशी राखून त्यांना काही उपयोग द्यावा? इटलीने या प्रश्नाला जे एक उत्तर दिले आहे, त्याचा परिचय आपल्याकडील ग्रामपंचायत सदस्यांना, शिक्षकांना व विकासकार्यातील अधिकाऱ्यांना उपयुक्त ठरावा.

हॉटेल म्हटले की बहुमजली इमारत आणि ओळीने सारख्या खोल्या डोळ्यांसमोर येतात. याहून निराळी, मोजक्या खोल्यांची आणि स्वतःचे वेगळे रूप असलेली हॉटेले १९८० नंतर पुढे आली. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या ‘मॉर्गन्स’ या हॉटेलापासून अशा हॉटेलांना ‘बुटिक हॉटेल’ म्हणण्याचा प्रघात वाढला. शहरात हे वेगळेपण सजावटकाराला मुद्दाम निर्माण करावे लागते. जुन्या गावात ते मुळातच असते. ते बिघडू न देणे हेच तेथे रचनाकाराचे मुख्य काम होय.

कल्पनेचा उगम

६ मे १९७६ रोजी इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रदेशात मोठा भूकंप झाला व सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे घरांची पुनर्बांधणी झाली. परंतु स्थलांतर करून गेलेले अनेक मालक परतले नाहीत. दुरुस्त झालेली घरे रिकामी राहिली. ही घरे पाहुण्यांच्या निवासासाठी वापरावीत, असा विचार त्या प्रदेशातील कोमेलियान्स या गावी १९८२ च्या सुमारास पुढे आला. त्यातून ‘आल्बेर्गो दिफ्फुझो’ म्हणजे ‘पसरलेले हॉटेल’ हे नाव रूढ झाले. पर्यटनाचे अभ्यासक जानकार्लो दाल्लारा यांनी या कल्पनेला व्यवस्थित रूप दिले, आणि १९९८ मध्ये सार्डिनिया प्रांताने तिला प्रथमच कायद्याची मान्यता दिली.

या पद्धतीत खोल्या गावातील निरनिराळ्या जुन्या घरांत असतात, मात्र व्यवस्थापन एकच असते. स्वागतकक्ष, भोजनगृह व बैठकीची जागा मध्यवर्ती ठिकाणी असते आणि खोल्या तेथून चालत जाण्याच्या अंतरावर असतात. सार्डिनियाच्या कायद्याने हे अंतर २०० मीटर ठरविले. सर्वांत महत्त्वाची अट अशी की, गाव जिवंत असले पाहिजे. जेथे कोणीही राहत नाही, तेथे या पद्धतीचे हॉटेल होऊ शकत नाही.

एका गावाची कहाणी

मध्य इटलीतील आब्रुत्सो प्रदेशात, सुमारे १,२५० मीटर उंचीवर सान्तो स्तेफानो दी सेस्सानिओ हे दगडी घरांचे गाव आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे आले आणि लोकरीच्या व्यापारावर भरभराटीस चढले. आपल्याकडील धनगरांप्रमाणे तेथील मेंढपाळ हिवाळ्यात कळप घेऊन दक्षिणेच्या मैदानात उतरत व उन्हाळ्यात डोंगरावर परत येत. हा व्यवसाय मोडला तशी माणसे गाव सोडून गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे जेमतेम शंभर माणसे उरली होती.

१९९९ च्या सुमारास दानिएले किलग्रेन हे उद्योजक या गावात आले. त्यांनी पडीक घरे विकत घेतली आणि वास्तुरचनाकार लेलिओ ओरिआनो दी झिओ यांच्या साहाय्याने ती दुरुस्त करून सुमारे तीस खोल्यांचे ‘सेक्स्तान्तिओ’ हे हॉटेल उभे केले. गावाचे रूप बिघडविणारे नवे बांधकाम होऊ नये, याविषयी त्यांनी स्थानिक नगरसंस्थेशी समझोताही केला. हॉटेलाची रचना चार भिंतींपुरती न पाहता साऱ्या गावाची पाहिली गेली, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पाहुण्याचा अनुभव कसा घडतो

दुरुस्ती करताना जुन्या भिंतींवरील चुलीच्या धुराची काजळी पुसून टाकली नाही. नव्या खिडक्या फोडल्या नाहीत. गरम पाण्याच्या नळ्या फरशीखाली दडविल्या, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही खोली उबदार राहते आणि यंत्र मात्र दिसत नाही. पलंगावर लोकरीच्या गाद्या व हातमागावरील पांघरुणे आली. पूर्वी लोक कसे राहत, काय खात, कसे विणत, याची माहिती वृद्धांकडून व पेस्कारा येथील लोकजीवन संग्रहालयाच्या साहाय्याने मिळविण्यात आली. भोजनात गावच्या शिवारातील बारीक मसूर असते.

पाहुण्याच्या बाजूने याचा विचार करावा. स्वागतकक्षात त्याच्या हाती मोठी लोखंडी किल्ली पडते. दगडी बोळांतून, कमानींखालून चालत तो आपल्या घरी पोहोचतो. न्याहारीसाठी त्याला पुन्हा गावातूनच जावे लागते. वाटेत शेजारी भेटतात, दुकान लागते. नेहमीच्या हॉटेलात खोली ते भोजनगृह हे अंतर गैरसोय मानली जाते. येथे ते अंतर हाच अनुभवाचा मुख्य भाग आहे. मात्र त्यासाठी बोळांत उजेड, पायऱ्यांची डागडुजी आणि वृद्ध पाहुण्यांसाठी जवळची खोली यांची तरतूद आवश्यक ठरते. जुनेपणा भिंतीत असावा. पलंग, पाणी व शौचालय यांत तो असू नये.

६ एप्रिल २००९ रोजी लाक्विला येथे झालेल्या भूकंपात ३०९ माणसे दगावली. त्या धक्क्याने सान्तो स्तेफानोचा जुना गोल मनोरा कोसळला. पुढे तो पुन्हा बांधण्यात आला. सजावटीआधी इमारतीच्या मजबुतीकडे लक्ष दिले पाहिजे, हा धडा अशा प्रत्येक ठिकाणी लागू आहे.

हिशेबाची दुसरी बाजू

घरे वाचली, काहींना काम मिळाले, गावाचे नाव दूरवर झाले. मग गाव पुन्हा भरले काय? २०२० साली गावाची नोंदलेली लोकसंख्या ११५ होती; त्यांपैकी ४१ जण ६५ वर्षांवरील, तर वीस वर्षांखालील केवळ १३ होते. त्याच वर्षी नगरसंस्थेने चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींनी गावात येऊन राहावे व व्यवसाय करावा म्हणून तीन वर्षे दरसाल ८,००० युरोपर्यंत साहाय्य, तसेच व्यवसायासाठी एकरकमी २०,००० युरोपर्यंत अनुदान देऊ केले. पाहुणे येऊ लागल्यानंतरही रहिवासी मिळविण्यासाठी असा वेगळा प्रयत्न करावा लागला, याचा अर्थ स्पष्ट आहे. हॉटेल घरांना आधार देऊ शकते; शाळा, दवाखाना, वाहतूक व बारमाही रोजगार यांची जागा ते घेऊ शकत नाही.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. घरगुती निवासाची व्यवस्थाही राज्यात अनेक ठिकाणी आहे. अशा उपक्रमांचा विचार करताना काही गोष्टी आधी ठरविणे इष्ट होईल.

पहिली गोष्ट मालकीची. बंद घराच्या उताऱ्यावर बहुधा अनेक वारसांची नावे असतात. सर्वांची लेखी संमती व भाडेकराराची मुदत निश्चित झाल्याशिवाय दुरुस्तीवर पैसा खर्च करू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाहुण्यांची गर्दी सुटीत, म्हणजे पुष्कळदा ऐन उन्हाळ्यात होते. विहीर व नळयोजना गावाला त्या दिवसांत किती पुरते, हे पाहूनच खोल्यांची संख्या ठरवावी. सांडपाण्याची सोय त्याच वेळी करावी.

तिसरी गोष्ट व्यवस्थापनाची. घरे अनेकांची असली तरी दर, स्वच्छता व तक्रारी यांची जबाबदारी एकाच संस्थेकडे असावी. सहकाराची परंपरा असलेल्या आपल्या राज्यात हे अवघड नाही.

चौथी गोष्ट नोंदीची. शाळेतील मुलांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली जुन्या घरांची मापे घ्यावीत. माजघर, पडवी, ओटी, जाते, उखळ यांचे उपयोग वृद्धांना विचारून लिहून ठेवावेत. हॉटेल झाले नाही तरी ही नोंद वाया जाणार नाही.

शेवटची गोष्ट मर्यादेची. गावातील किती घरे पाहुण्यांसाठी द्यावीत, याचा निर्णय ग्रामसभेत आरंभीच व्हावा. सारीच घरे भाड्याने गेली, तर पाहुण्याला पाहण्यासारखे गाव उरत नाही. परगावी गेलेल्या कुटुंबाला पुन्हा आपल्या घरी येऊन राहावेसे वाटले, तर त्यासाठी घर मोकळे ठेवण्याची तरतूद त्या ठरावात अवश्य असावी.