गोधडी ऑनलाइन विकायची तर खर्च किती येतो?

आपल्याकडे गोधडी ही विकायची वस्तू फारशी नव्हतीच. जुन्या लुगड्यांची, धोतरांची चळत जमली की उन्हाळ्यात ती अंथरून बायका धावदोरा घालत आणि शिवलेली गोधडी घरात राही, फार तर लेकीबरोबर सासरी जाई. आता पुण्या-मुंबईत हाताने शिवलेल्या गोधडीला गिऱ्हाईक आहे, बाळाच्या दुपट्याला तर वर्षभर आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या बचत गटांसमोर आणि घरी बसून शिवणाऱ्या बायकांसमोर म्हणूनच हा प्रश्न आहे: ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांवर माल टाकायचा तर पैसे किती लागतात?

खातं उघडायला जवळजवळ काही लागत नाही. खर्च पुढे आहे, आणि तो विक्री झाल्यावर एकेका पार्सलमागे कापला जातो. त्यामुळे कमिशन किती टक्के हे विचारण्याआधी स्वतःची मजुरी ठरवा. हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगते आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. कापड घरचं, दोरा स्वस्तातला, वेळ ‘तसाही रिकामाच’ असं धरून किंमत लावली की ती चुकलीच. एक दुपटं घड्याळ लावून शिवा, तास लिहून ठेवा आणि गावात खुरपणीला जो रोज चालतो त्याच्याशी ताडून पाहा. हातातली सुई खुरप्यापेक्षा कमी मोलाची धरायचं काहीच कारण नाही.

कागदपत्रांपैकी बरीच फुकट होतात. उद्यम नोंदणीला सरकारी शुल्क नाही. जीएसटी नोंदणीलाही नाही. हस्तकला विकास आयुक्तांचं ‘पहचान’ कारागीर ओळखपत्रही विनामूल्य आहे. व्यक्तीच्या नावावर पॅन नसेल तर आधारवरून ई-पॅन लगेच आणि फुकट मिळतं; गटाच्या नावाने पॅन काढायचं तर शंभर रुपयांच्या थोडं वर शुल्क लागतं. उद्यमच्या नावाने पैसे मागणाऱ्या, सरकारी वाटाव्यात अशा खासगी वेबसाइट आहेत, तिथे भरू नका. ‘जीएसटी, उद्यम आणि ऑनलाइन दुकान, सगळं मिळून एवढे हजार’ असं कोणी सांगितलं, तर तो फक्त फॉर्म भरायची मजुरी मागतो आहे हे लक्षात घेऊन घासाघीस करा. ट्रेडमार्कसाठी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत: शिंपी, कुंभार, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे, हार बनवणारे वगैरे. गोधडी शिवणारी असा वेगळा व्यवसाय त्यात नाही, पण जी शिवणकामही करते ती शिंपी म्हणून पाहू शकते. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. एका कुटुंबातून एकालाच लाभ आहे.

आता जीएसटी. ‘चाळीस लाखांच्या आत विक्री असेल तर जीएसटी लागत नाही’ हे दुकानापुरतं खरं आहे. ऑनलाइन बाजारपेठेतून परराज्यात माल पाठवायचा असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून एक चांगली सवलत आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि माल फक्त स्वतःच्या राज्यात विकायचा असेल, तर जीएसटीशिवाय बाजारपेठेवर विकता येतं. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. मीशोने अशा विक्रेत्यांना दार उघडलेलं आहे. दुसरीकडे जाताना आधी विचारून घ्या. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात इथूनच करावी. गोधडीचं मोठं गिऱ्हाईक मुंबई, पुणे, नाशिकला आहे आणि ती सगळी शहरं महाराष्ट्रातच आहेत. बंगळूर-हैदराबादचा मोह सहा महिने थांबू शकतो.

नोंदणी घेतलीच, तर विवरणपत्र भरणं चुकवता येत नाही. एकही वस्तू विकली नाही तरी ‘शून्य’ विवरणपत्र भरावं लागतं आणि उशिराला दिवसाला २० रुपये लागतात. विक्री असेल तर ५०. कमाल मर्यादा आहेत, पण दोन दुपट्यांचा नफा त्यात सहज जातो. पाच कोटींच्या आतल्या विक्रेत्याला तिमाही विवरणपत्राची सोय आहे, ती घ्या. लेखापालाची फी महिन्याची नको, तिमाहीची ठरवा. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या दरांत बऱ्याच हस्तकला वस्तू १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या, पण तुमच्या वस्तूचा एचएसएन कोड (जीएसटीतला वस्तूच्या वर्गवारीचा क्रमांक) नक्की करून मगच दर धरा.

बाजारपेठ आणखी दोन कपाती करते. जीएसटीखाली गोळा केलेली रक्कम निव्वळ विक्रीच्या अर्धा टक्का, आणि प्राप्तिकराचा टीडीएस ०.१ टक्का. पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची त्या बाजारपेठेवरची वर्षाची विक्री पाच लाखांपर्यंत असेल तर हा टीडीएस लागत नाही. दोन्ही रकमा तुमच्याच नावावर जमा होतात. त्या खर्चात धरू नका, पण परत मागायला विसरू नका.

एक हिशेब मांडून पाहू. यातले कमिशनचे आणि वाहतुकीचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या वर्गवारीचा त्या दिवसाचा दर विक्रेत्याच्या पानावरच्या शुल्क-गणकात मिळतो आणि तो वरचेवर बदलतो.

दुपटं शिवायला १२ तास, तासाला ५० रुपये, म्हणजे मजुरी ६००. कापड-दोरा १५०. पिशवी, खोका, लेबल ४०. घरातच ७९० रुपये झाले. विक्रीची किंमत ठेवली १,३९९. त्यात ५ टक्के जीएसटी ६७ रुपये. कमिशन १० टक्के धरलं तर १४०, ठरावीक शुल्क ४०, वाहतूक ९०, एकूण २७०. या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी ४९ (नियमित नोंदणी असेल तर याची वजावट मिळते, नसेल तर गेला). दहा पार्सलांतलं एक परत येतं असं धरून, त्याच्या जाण्या-येण्याचा आणि पुन्हा बांधण्याचा २५० रुपयांचा बोजा उरलेल्या नऊंवर टाकला की प्रत्येकी २८. हातात आले ९८५. त्यातून ७९० वजा केले की राहिले १९५. लेखापालाचे महिन्याला ५०० पडत असतील आणि महिन्यात पाचच दुपटी गेली, तर त्यातलेही शंभर गेले.

आता सणाच्या सेलमध्ये १५ टक्के सूट द्या, असा निरोप येतो. किंमत झाली १,१८९. हाच हिशेब पुन्हा केला तर हातात येतात ८१० आणि ७९० वजा जाऊन उरतात २० रुपये, तेही लेखापालाच्या फीआधी. सूट द्यायचीच असेल तर ती किंमत लावतानाच धरलेली असली पाहिजे. सेलमध्ये सामील होणं तुमच्या मर्जीवर आहे. ‘नाही’चं बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

काही बाजारपेठा शून्य कमिशनची जाहिरात करतात. मीशोने ती पद्धत २०२१ पासून चालवली, पुढे इतरांनीही स्वस्त वस्तूंना तशी सवलत दिली. शून्य कमिशन म्हणजे शून्य खर्च नव्हे: वाहतूक, परतावा आणि जाहिरात शिल्लक राहतेच. शिवाय अशा ठिकाणी गिऱ्हाईक स्वस्ताई शोधत येतं आणि तुमच्या गोधडीशेजारी यंत्रावर शिवलेली रजाई दिसते. फोटोत दोन्ही सारख्याच दिसल्या तर स्वस्त ती जाते. म्हणून पहिला फोटो टाक्यांचा, जवळून, सकाळच्या उजेडात काढलेला असावा. फोटोग्राफरवर खर्च करू नका. पांढरी चादर, खिडकी आणि घरातला फोन पुरतो.

वजनाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. पार्सलचं वजन दोन तऱ्हांनी धरतात: काट्यावरचं आणि आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,०००ने भागायचं. दोहोंपैकी जे जास्त त्याचे पैसे लागतात. एकेरी गोधडी काट्यावर अडीच किलो भरली आणि दुकानातून मिळालेला ४५ × ४० × १८चा खोका वापरला, तर आकारमानाचं वजन येतं साडेसहा किलोच्या जवळ. तीच गोधडी घट्ट घडी घालून, हवा काढून घेणाऱ्या पिशवीत दाबून ४० × ३५ × १०मध्ये बसवली तर २.८ किलो. वाहतुकीचा खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो आणि तो फक्त खोक्यामुळे. खोके, पिशव्या घाऊक आणायला सोलापूर किंवा लातूर गाठावं लागेल, पण जाण्याआधी घडी घालून टेपने मापं घ्या आणि त्याच मापाचे खोके मागा. काट्यावर ठेवलेल्या आणि टेप लावलेल्या पार्सलचा फोटो काढून ठेवा. वजन जास्त लावून पैसे कापले तर तक्रारीला तोच पुरावा असतो.

कुरिअरवाला तुमच्या गावातून माल उचलतो का, हे पिनकोड टाकून आधीच बघा. उचलत नसेल तर तालुक्याला नेऊन द्यावा लागेल. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी दिवस मोडतो. तो खर्च कमी करायचा तर पाठवणीचे आठवड्यातले दोन वार ठरवा आणि ‘पाठवायला लागणारे दिवस’ या रकान्यात जास्त दिवस भरा.

आरटीओ म्हणजे गिऱ्हाइकाने न घेता परत आलेला माल. पोचल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरीत तो जास्त येतो. हाताच्या कामात दोन नग हुबेहूब कधी नसतात, आणि ‘फोटोतल्यासारखी नाही’ हे परताव्याचं कारण तिथूनच निघतं. त्यावर एकच इलाज: वर्णनात स्पष्ट लिहा की कापड वापरलेलं आहे, रंग नगागणिक बदलतील, टाके हाताचे आहेत, माप दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होईल. बांधलेल्या मालाच्या लेबलवर करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, नगसंख्या, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन ही माहिती वैधमापन नियमांनुसार लागते. हाताने लिहायचा कंटाळा येत असेल तर शिक्का करून घ्या.

प्रत्येक वस्तू बाजारपेठेवर टाकू नये. तुळजापूरची कवड्यांची माळ हलकी, न फुटणारी, लहान पाकिटात मावणारी. ऑनलाइनला ती सोयीची. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ते नाव मालावर लावायचं तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तिचं शुल्क अवघं १० रुपये आहे. तुळजापुरात माळा ओवणाऱ्या प्रत्येक घराने ते करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, नाहीतर ते नाव बाहेरचे व्यापारी वापरतील. फक्त ‘देवीला वाहिलेली’, ‘सिद्ध केलेली’ असं खोटं काही लिहू नका. उलट मातीच्या वस्तू पहिल्या वर्षी पाठवूच नका. फुटीचा खर्च नव्या विक्रेत्याला सोसत नाही.

मोठी गोधडीही बाजारपेठेत परवडत नाही. साठ तासांचं काम असेल तर मजुरीच ३,००० होते आणि त्या किमतीला अनोळखी गिऱ्हाईक पडद्यावर पाहून हात घालत नाही. पण ‘आईच्या साड्या पाठवते, त्यांची गोधडी शिवून द्या’ असं सांगणारं गिऱ्हाईक ती किंमत देतं आणि ती गोधडी परत पाठवत नाही. हे काम व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामवर घ्या. निम्मे पैसे आगाऊ यूपीआयने, जाण्या-येण्याची वाहतूक गिऱ्हाइकाची. कापड त्यांचं असल्याने ही शिलाईची सेवा ठरते आणि सेवेला जीएसटीची मर्यादा २० लाख आहे, परराज्यातल्या गिऱ्हाइकासाठीसुद्धा. स्वतः तयार केलेल्या हस्तकलेच्या वस्तू बाजारपेठेशिवाय थेट परराज्यात विकणाऱ्यालाही २० लाखांपर्यंत नोंदणीची सूट आहे, पण सरकारी यादीतल्या वस्तूंनाच. तुमची वस्तू त्या यादीत आहे का ते पाहा. अशा मालाला, किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतं.

गटांसाठी राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं ‘उमेद मार्ट’ आहे आणि केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं ‘इंडिया हँडमेड’ कारागिरांकडून कमिशन घेत नाही. तिथे गर्दी कमी, म्हणून विक्रीही सावकाश. तरी नोंद करावी. गटाला पंचायत समितीतल्या उमेदच्या कक्षातून ती करून घेता येते.

सुरुवातीला हाताशी किती रक्कम असावी? माल पोचवल्यानंतर पैसे आठवड्याने किंवा त्याहून उशिरा खात्यात येतात, तोवर पुढचं कापड, दोरा आणि खोके घ्यावेच लागतात. २० दुपट्यांपासून सुरुवात करायची तर वरच्या हिशेबाने कापड, दोरा आणि बांधणीला ३,८०० रुपये, परत येणाऱ्या पार्सलांसाठी हजारभर, पहिल्या तिमाहीच्या लेखापालाला दीड हजार. मजुरी उधार ठेवली तरी ६,३०० रुपयांच्या आत सुरुवात होत नाही. गटाने ही रक्कम अंतर्गत कर्जातून उचलली तर व्याजही किमतीत धरा. नवरात्राआधी दोन महिने माल तयार असू द्या. सणाच्या आठवड्यात शिवत बसलं तर पाठवणीला उशीर होतो आणि उशिराचा दंड बाजारपेठ लावते. तीन महिने विक्री झालीच नाही आणि थांबायचं ठरवलं, तर दुकान बंद करण्याबरोबर जीएसटी नोंदणीही रद्द करून घ्या, कारण शून्य विवरणपत्राचा दंड दुकान बंद असतानाही चढत राहतो.